हवेतली गाडी आणि शाळेची गाडी

मराठीत विज्ञानकथेची चर्चा निघाली की ती बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. कथेतले विज्ञान बरोबर आहे का, आणि कथेत साहित्य किती आहे. दोन्ही प्रश्न आवश्यकच आहेत. पण आणखी एक प्रश्न आहे आणि तो क्वचितच विचारला जातो. कथेतल्या त्या उद्याच्या जगात सत्ता कोणाकडे आहे? यान मंगळावर पोहोचते. यानातला चहा कोण करते? संगणक माणसाशी बोलू लागतो. घरातल्या सुनेशी कोण बोलते? कितीतरी कथांत यंत्रे दोनशे वर्षे पुढे गेलेली असतात आणि घर मात्र लेखकाच्या स्वतःच्या घरासारखेच राहिलेले असते. बायको शास्त्रज्ञाला जेवायला बोलावते आणि शास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून बाहेर येत नाही, एवढेच त्या भविष्यातले दांपत्यजीवन. यंत्राची कल्पना करणे आणि भविष्याची कल्पना करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला हुशारी पुरते. दुसरीला आजची व्यवस्था अटळ नाही असे मनापासून वाटावे लागते.

हा फरक फार लवकर ओळखलेली एक छोटी इंग्रजी कथा आपल्याच उपखंडात, परद्याआड राहिलेल्या एका मुस्लिम बाईने लिहिली. रुकय्या सखावत हुसेन, बंगालीत रोकेया, यांची 'सुलतानाज् ड्रीम' ही कथा १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये छापून आली. कमला सत्यनाथन या मासिकाच्या संपादक होत्या. १९०८ मध्ये कलकत्त्यात ती पुस्तकरूपाने निघाली. पुढे लेखिकेनेच ती बंगालीत आणली आणि १९२२च्या 'मोतीचूर'च्या दुसऱ्या भागात घेतली. कथा जेमतेम पंधरा-वीस पानांची. तिच्याकडे 'स्त्रीमुक्तीची आद्य कथा' म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. ते खोटे नाही, पण त्या शिक्क्यामुळे तिचे राजकारण नीट वाचले जात नाही असे मला वाटते.

लेखिकेची माहिती थोडक्यात सांगायला हवी. जन्म १८८०चा, रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद गावी, जमीनदार घराण्यात. घरात मुलींना कुराणपठण आणि थोडी उर्दू-फारसी एवढीच तालीम. बंगाली आणि इंग्रजी ही शरीफ घराण्यातल्या मुलींची भाषा नव्हे, असे वडिलांचे मत. थोरले भाऊ इब्राहिम साबेर आणि बहीण करीमुन्निसा यांच्यामुळे त्या या दोन्ही भाषा घरच्यांच्या नकळत शिकल्या. लग्न झाले ते भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी. ते वयाने बरेच मोठे, विधुर, उर्दूभाषक आणि बायकोने लिहावे असे मनापासून वाटणारे गृहस्थ होते. ते दौऱ्यावर असताना वेळ घालवायला म्हणून बाईंनी ही कथा लिहिली. परत आल्यावर त्यांनी ती उभ्या उभ्याच वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड आहे, असा शेरा मारला. हा शेरा लक्षात ठेवावा. त्याच्याकडे परत यायचे आहे.

कथेत घडते ते असे. सुलताना आरामखुर्चीत बसून हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीचा आळसावलेला विचार करीत असते. तिला डोळा लागतो की नाही हे तिलाच नीट ठाऊक नसते. समोर सिस्टर सारा उभी राहते आणि तिला फिरायला नेते. रात्र असेल, बाहेरचे नोकर झोपले असतील, मग कोण बघतेय, अशा हिशेबाने सुलताना निघते. पाहते तर लख्ख दिवस. रस्त्यावर वर्दळ आहे आणि सगळ्या बायका आहेत. त्या तिच्याकडे पाहून हसतात. कारण ती बुजलेली आहे, अंग चोरून चालते आहे, म्हणजे थेट पुरुषांसारखी दिसते आहे! या देशाचे नाव लेडीलँड. इथे पुरुष घरात, मर्दान्यात असतात. ते मुले सांभाळतात, स्वयंपाक करतात. बाहेरचा कारभार बायकांकडे.

साराचा युक्तिवाद मोठा गमतीचा आहे आणि तो सगळा सुलतानाच्याच जगातल्या तर्काने चालतो. वेडे लोक वेड्यांच्या इस्पितळातून सुटून आले तर शहाण्यांना कोंडायचे की वेड्यांना? मग बायकांना ज्यांच्यापासून धोका आहे त्यांना मोकळे सोडून बायकांनाच आत ठेवणे हा कुठला न्याय? सिंह माणसापेक्षा बळकट असतो, म्हणून काही त्याने माणसावर राज्य केलेले नाही. कचेरीची कामे उरकून भरतकामाला वेळ कसा मिळतो असे सुलताना विचारते, तेव्हा सारा हिशेब मांडते: एक चिरूट जळायला अर्धा तास, साहेब दिवसाला बारा चिरूट ओढतात, म्हणजे सहा तास गेले धुरात. सरकारी बंगल्यात राहून साहेबांच्या कचेरीकडे आतून पाहिलेल्या बाईची ही निरीक्षणशक्ती आहे. ब्रिटिश नोकरशाहीची इतकी हलकी आणि इतकी नेमकी टवाळी त्या काळच्या हिंदी इंग्रजी लेखनात फारशी आढळत नाही.

मग स्वयंपाकघर येते. बाईंनी विज्ञान आधी कुठे नेले ते पाहा. तोफखान्यात नाही, कारखान्यात नाही, चुलीपाशी. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो. धूर नाही, कोळसा नाही, धुराडे नाही. भाजीच्या मळ्यात ही खोली एखाद्या दागिन्यासारखी शोभते. धुराने डोळे गेलेल्या, खोकून मेलेल्या बायकांचा उल्लेखही कथेत नाही आणि तरी त्या तिथे आहेत. पुढे फुगा येतो. ढगांतले पाणी नळ्यांनी ओढून साठवणारा हा फुगा एका विद्यापीठाच्या बाई प्राचार्यांनी शोधलेला आहे. सूर्याची उष्णता साठवण्याचे यंत्र दुसऱ्या विद्यापीठाचे. नांगर विजेवर चालतात, प्रवास हवेतल्या गाडीतून होतो, म्हणून रेल्वेचे आणि रस्त्यावरचे अपघात नाहीत. विमान उडून दोनच वर्षे झाली होती आणि या बाईंनी ते बघितलेलेही नव्हते.

पण हे सगळे तपशील म्हणजे यंत्रेच झाली. कथेचे खरे धाडस वेगळ्या ठिकाणी आहे.

आदर्श राज्याची चित्रे जुनी आहेत. टॉमस मोरने १५१६ साली 'युटोपिया' हा शब्दच घडवला. ग्रीकमधून आलेल्या त्या शब्दाचा अर्थ, जी जागा कुठेच नाही ती. त्याच्याआधी कित्येक शतके, दहाव्या शतकात, अल-फाराबीने 'अल-मदीना अल-फाज़िला' म्हणजे सद्गुणी नगरीची मांडणी केली होती. निरोगी शरीरात अवयव जसे एकमेकांना धरून चालतात तशी ती नगरी आणि हृदयाच्या जागी तिचा तत्त्वज्ञ प्रमुख. आपल्याकडे संत रविदासांचे 'बेगमपुरा' आहे; जिथे गम नाही, करभार नाही, कोणी दुय्यम नाही असे शहर. (औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बीबी का मकबऱ्याजवळच्या वस्तीलाही बेगमपुराच म्हणतात. तो बेगम शब्द वेगळा आणि हा बे-गम वेगळा. रुकय्यांच्या देशाला मात्र दोन्ही अर्थ लागू पडतात.) एडवर्ड बेलामीच्या 'लुकिंग बॅकवर्ड'ने १८८८ मध्ये २००० सालचे समाजवादी बॉस्टन रंगवले. एच. जी. वेल्सचे 'अ मॉडर्न युटोपिया' तर १९०५चेच, रुकय्यांच्या कथेच्याच वर्षीचे.

यातल्या बहुतेकांची अडचण अशी की ते नगर दाखवतात, नगरापर्यंतचा रस्ता दाखवत नाहीत. राज्य आधीच आदर्श झालेले असते. प्रवासी जातो, वाटाड्या भेटतो, वाटाड्या व्याख्यान देतो. साराही वाटाडी आहे आणि व्याख्यानही देते. परंतु तिच्या व्याख्यानात एक इतिहास आहे, आणि तो इतिहास लढ्याचा आहे.

राणीला विज्ञानाची आवड. तिने फर्मान काढले की राज्यातल्या सर्व स्त्रियांना शिक्षण मिळावे आणि एकवीस वर्षांच्या आत कुणाचे लग्न होऊ नये. स्त्रियांसाठी विद्यापीठे निघाली. पुरुष तेव्हा बाहेरच होते. तेच सत्तेत होते. ते लष्कर वाढवण्यात गुंतले होते आणि विद्यापीठांतल्या संशोधनाला भावनिक दुःस्वप्न म्हणून हिणवत होते. म्हणजे आधी शिक्षण, मग शोध, आणि सत्तांतर शेवटी. क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. त्यानंतर शेजारच्या देशातून काही माणसे राजकीय गुन्ह्यासाठी पळून येऊन लेडीलँडच्या आश्रयाला येतात. तिथला राजा त्यांना परत मागतो. राणी नकार देते. या नकारामुळे युद्ध होते, पुरुषांचे सैन्य हरते, सोळा वर्षांची पोरेही लढायला जातात आणि शत्रू राजधानीपासून पंचवीस मैलांवर येतो.

लेडीलँडचा जन्म झाला तो असा. निर्वासितांना हाकलून द्यायचे नाही या निर्णयातून. कथेबद्दल लिहिणारे बहुतेक जण ही गोष्ट ओलांडून पुढे जातात. आश्रयाला आलेल्या माणसाला परत देऊ नये हा आपल्या संस्कृतीतला जुना संकेत आहे. इस्लामच्या इतिहासात तर मक्केहून हबशाच्या नजाशीकडे गेलेल्या पहिल्या मुहाजिरांची हकीगत मुलांना घरोघर सांगितली जाते. रुकय्यांनी तो संकेत आधुनिक राज्याच्या परराष्ट्रधोरणात नेऊन बसवला. बंगालची फाळणी झाली त्याच वर्षी परतंत्र देशातली एक बाई अशा राज्याची कल्पना करते, ज्याचा पहिला सार्वभौम निर्णय निर्वासितांच्या बाजूने आहे. त्यानंतर या उपखंडात सीमा कशा आखल्या गेल्या आणि त्या ओलांडणाऱ्यांचे काय झाले हे आपण १९४७ मध्ये पाहिले, १९७१ मध्ये पाहिले. रोहिंग्यांच्या बाबतीत आजही पाहतो आहोत. हवेतली गाडी आली. राणीचा तो निर्णय अजून आलेला नाही.

युद्ध कसे जिंकले जाते तेही पाहण्यासारखे आहे. राणी शहाण्या बायकांची सभा बोलावते. बळाने जमले नाही ते बुद्धीने करू, असे ठरते. प्राचार्यांची अट एकच, बायकांनी बाहेर पडण्याआधी पुरुषांनी जनान्यात जावे. कारण परदा तर पाळलाच पाहिजे! थकलेले, जखमी पुरुष बिनातक्रार आत जातात. मग दोन हजार विद्यार्थिनी रणांगणावर जाऊन साठवलेले ऊन शत्रूवर सोडतात आणि शत्रू पळतो. पुढे काही अधिकारी मंडळी, पोलीस कमिशनर, जिल्हा मॅजिस्ट्रेट वगैरे, बाहेर येऊ देण्याची विनंती करतात. राणी परिपत्रक काढते: आपल्या सेवेची गरज भासल्यास कळवू. सरकारी पत्रव्यवहाराची भाषा ज्यांच्या कानांवरून गेली आहे त्यांना या परिपत्रकाची खुमारी वेगळी सांगायला नको.

आता त्या शेऱ्याकडे. भयंकर सूड. कथेवरचा सर्वांत मोठा आक्षेपही हाच आहे. भिंत पाडली नाही, नुसती फिरवली. ज्यांना कोंडले होते त्या बाहेर आणि कोंडणारे आत. हे कसले आदर्श राज्य? याला ठरलेले उत्तर असे की हा उपहास आहे, आरसा आहे. मर्दाना वाचून ज्याला अन्याय वाटेल त्याला जनान्याचा अन्याय कळावा एवढाच हेतू. उत्तर बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. कथा नुसताच आरसा असती तर सौरचूल, विद्यापीठे, निर्वासित यांची गरज नव्हती. त्या गोष्टी लेखिकेला खरोखर हव्या आहेत. मग पुरुषांना कोंडणेही तिला हवे आहे का?

मला वाटते, या जागी रुकय्यांची कल्पनाशक्ती त्यांच्या स्वतःच्या भिंतीला जाऊन आपटली आहे. हवेत उडणारी गाडी त्यांना सुचली. ज्या रस्त्यावर बाई आणि पुरुष दोघेही निर्धास्त चालत आहेत असा साधा रस्ता सुचला नाही. पाच वर्षांची असल्यापासून परक्या बायकांपासूनही लपायला शिकवलेल्या मुलीला तो सुचणे सोपे नव्हते. प्रत्येक कल्पनाराज्यात अशी एक जागा असते, जिथे लेखक आपल्या काळाला ओलांडू शकत नाही, आणि तीच जागा त्या काळाबद्दल सर्वांत खरे सांगते. बेलामीच्या समाजवादात स्त्रियांची श्रमसेना वेगळी ठेवलेली आहे. शार्लट पर्किन्स गिलमनच्या 'हरलँड'मध्ये (१९१५) पुरुष मुळी नाहीतच, म्हणजे प्रश्नच काढून टाकला. रुकय्यांनी निदान पुरुषांना जिवंत ठेवले आणि घरकामाला लावले.

आणखी एक रिकामी जागा आहे आणि तिच्याबद्दल कमी बोलले जाते. लेडीलँडमध्ये शेत कोण कसते? वीज कसते. पाणी कोण भरते? फुगा भरतो. मोलकरीण दिसत नाही, भंगी दिसत नाही, विणकर दिसत नाही. श्रमाचा प्रश्न यंत्राच्या हवाली केला की श्रमिकाचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. ही सगळ्याच विज्ञानकथांची लाडकी युक्ती आहे. पण पायराबंदच्या हवेलीत पाणी भरणारी बाई होतीच, आणि जमीनदारांची शेते कसणाऱ्या मुसलमान कुळांच्या बायका परद्यात नव्हत्या, चिखलात होत्या. अशराफ आणि अजलाफ हा भेद कथेत नाही, कारण दुसरा गट कथेत आलेलाच नाही. सत्ता राणीकडेच आहे. तिला कोणी निवडलेले नाही. पदावर बाई बसली की लेडीलँड होते असे नाही, हे रुकय्यांच्या मायदेशानेच पुढे दाखवले. १९९१ ते २०२४ या काळात बहुतेक वर्षे बांगलादेशात पंतप्रधानपदी बाईच होत्या, आधी खालिदा झिया आणि मग आलटूनपालटून शेख हसीना. ऑगस्ट २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या उठावापुढे हसीना यांना देश सोडून भारतात आश्रय घ्यावा लागला. आश्रय, परत मागणारे शेजारी सरकार, विद्यार्थ्यांचा उठाव. साराच्या व्याख्यानातली सगळी पात्रे आली, फक्त जागा बदलून आली.

भिंतीचा विषय निघालाच आहे तर अर्सुला ले ग्विनच्या 'द डिस्पझेस्ड' (१९७४) या कादंबरीचा उल्लेख टाळता येणार नाही. तिची सुरुवातच एका भिंतीपासून होते. ॲनारेस या चंद्रासारख्या उजाड ग्रहावर मालकी न मानणाऱ्यांनी वसाहत केली आहे. तिथे सरकार नाही, तुरुंग नाही, आणि भिंत आहे ती एकच, अंतराळतळाभोवतीची. लहान मूल चढून जाईल इतकी ठेंगणी. पण आत कोण आणि बाहेर कोण, हे तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरते. तळ कोंडला आहे असे म्हणा किंवा अख्खा ग्रह कोंडला आहे असे म्हणा. शेवेक नावाचा भौतिकशास्त्रज्ञ ती भिंत ओलांडून जुन्या जगात जातो, तेव्हा त्याला दोन्हीकडच्या भिंती कळतात. ज्या समाजात कायदा नाही तिथे शेजाऱ्यांचे मत हाच कायदा होऊन बसतो, हे ले ग्विनने जसे दाखवले तसे राज्यशास्त्राच्या फार थोड्या ग्रंथांनी दाखवले असेल. आपल्या मोहल्ल्यात वाढलेल्या वाचकाला तर ते कुणी समजावून सांगायलाच नको. रुकय्यांच्या कथेला सत्तर वर्षांनी मिळालेले हे उत्तर आहे असे मी म्हणणार नाही, ले ग्विनने ती वाचली होती असा माझा दावा नाही. पण दोघींचा प्रश्न एकच आहे.

रुकय्यांनी स्वतः मात्र उत्तर शोधले ते विज्ञानकथेत नव्हे. १९०९ मध्ये पती वारले. शाळेसाठी म्हणून त्यांनी दहा हजार रुपये ठेवले होते. भागलपुरात पाच मुलींवर शाळा सुरू झाली. घरगुती तंट्यामुळे ते गाव सोडावे लागले आणि १९११ मध्ये कलकत्त्यात आठ मुलींवर ती पुन्हा उघडली. सखावत मेमोरियल गर्ल्स स्कूल. ज्या बाईने कागदावर दोन विद्यापीठे एका ओळीत उभी केली, तिला प्रत्यक्षात घरोघर जाऊन एकेका बापाला विनवावे लागले. शाळा चालावी म्हणून तिने स्वतः बुरखा सोडला नाही.

मुलींना शाळेत आणायला गाडी हवी आणि गाडीत परदा हवा. 'अवरोधवासिनी' (१९३१) या परद्यातल्या सत्तेचाळीस प्रसंगांच्या पुस्तकात या गाडीची हकीगत आहे. शाळेची मोटारबस अशी बंदिस्त केली होती की तिच्यात हवेला वाव नव्हता. पाहणाऱ्या एका शिक्षिकेने तिला चालती-फिरती ब्लॅक होल म्हटले. (इथे ब्लॅक होल म्हणजे कलकत्त्याची ती बदनाम काळकोठडी. नारळीकरांच्या १९७४च्या पहिल्या मराठी विज्ञानकथेचे नाव 'कृष्णविवर' होते, तो संबंध मराठी वाचकाच्याच मनात जुळणार!) पहिल्याच फेऱ्यांत मुली ओकल्या, बेशुद्ध पडल्या. मग झडपा काढून पडदे लावले. पडदे वाऱ्याने उडू लागले तशी पत्रे येऊ लागली, खाली सही इस्लामी बंधू अशी: गाडीचे पडदे उडतात, बेपर्दगी होते, आवरा, नाहीतर वर्तमानपत्रांत लिहून मुलींना शाळेतून काढायला लावू. हवा बंद केली तर मुली गुदमरतात, उघडली तर शाळा बंद पडते.

१९०५ची हवेतली गाडी आणि ही बसगाडी यांच्या मध्ये रुकय्यांचे सगळे आयुष्य आहे. स्वप्न पाहणारे व्यवहारात दुबळे असतात असा एक सर्वसाधारण समज आहे. या बाईच्या बाबतीत तो टिकत नाही. स्वप्न एकदा पूर्ण रंगवून झाले होते म्हणूनच पडदे किती इंच उघडायचे या क्षुद्र भांडणात त्या एकवीस वर्षे टिकल्या, असे मला दिसते. गाडी कशासाठी आहे हे त्या विसरल्या नाहीत. २०२२ साली कर्नाटकात हिजाब घातलेल्या मुलींना कॉलेजच्या फाटकावर अडवण्यात आले. १५ मार्चला उच्च न्यायालयाने बंदी कायम केली, १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी एकमेकांविरुद्ध निकाल दिले. अडवणारे आता वेगळे होते, कारण उलटे होते. मुलगी मात्र तीच, शाळेच्या गाडीपर्यंत पोहोचलेली आणि बाहेर राहिलेली.

१९२४च्या 'पद्मराग' या बंगाली कादंबरीत रुकय्यांनी पुन्हा एक आदर्श वस्ती रंगवली. या वेळी यंत्र एकही नाही. तारिणी भवन नावाच्या संस्थेत शाळा आहे, रुग्णालय आहे, उद्योगशाळा आहे. संसारातून फेकलेल्या हिंदू, मुस्लिम, ब्राह्मो, ख्रिस्ती बायका तिथे एकत्र राहून काम करतात. नायिका सिद्दिका अखेरीस आपल्या नवऱ्याकडे परत जायचे नाकारते, तेही तो माणूस वाईट नसताना. कादंबरी म्हणून 'पद्मराग' विस्कळीत आहे, योगायोगांनी भरलेली आहे. पण लेडीलँडमध्ये जे सुचले नव्हते त्यातले बरेच इथे सुचले आहे. पुरुष मोकळे आहेत आणि बाई त्यांना नाही म्हणू शकते. ही कल्पना त्यांना प्रयोगशाळेने दिली नाही, शाळेने दिली.

मराठीत या बाजूने पाहिले तर काय दिसते? ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली, रुकय्यांच्या तेवीस वर्षे आधी लिहिली. तिच्यात राग अधिक आहे, तर्क अधिक धारदार आहे. पण ताराबाई समोरच्याशी भांडतात, पर्यायी जग रचत नाहीत. विज्ञानकथेत राज्यव्यवस्थेची कल्पना गंभीरपणे करणारी जी मोजकी मराठी उदाहरणे आहेत त्यांत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' मला महत्त्वाची वाटते. विश्वासरावांना गोळी लागत नाही, मराठे पानिपत जिंकतात, इंग्रजांचे राज्य होत नाही, विज्ञानाची केंद्रे इथेच उभी राहतात आणि विसाव्या शतकात लोकशाही येते. दिल्लीचा बादशहा नामधारी म्हणून टिकून राहतो. कथा सुरेख आहे. इतिहास एका केसाच्या अंतराने बदलतो ही कल्पना मराठी माणसाच्या सर्वांत दुखऱ्या जागेवर आणून ठेवण्यात लेखकाचे धैर्य आहे. तरी ती वाचताना मला दुसराच एक माणूस आठवतो. पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा आणि पराभवानंतर मारला गेलेला इब्राहिमखान गारदी. त्या जिंकलेल्या हिंदुस्थानात त्याच्या नातवंडांची जागा कोणती असती? त्या पार्लमेंटात ती बसली असती की नामधारी बादशहासारखी शोभेला असती? ही दुसरी कथा लिहिणे नारळीकरांचे काम नव्हते. ते आपले होते.

आणि आपण ते केले नाही. सोलापूरला १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच्या आधी हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) येऊन गेली होती; नंतर मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' आले, कविता आल्या, आत्मकथने आली, दंगलींवरचे लेखन आले, तलाकवर, जातींवर, भाषेवर आले. हे सर्व आवश्यक होते आणि त्यातले काही फार चांगले आहे. पण त्याचा बराच मोठा भाग खुलाशाचा आहे. आम्ही इथलेच आहोत, आमची मातृभाषा मराठीही असते, आमच्यात सुधारक झाले. खुलासा देणारा माणूस सदैव दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नाच्या हद्दीत असतो. बाईंनाही खुलासे कमी द्यावे लागले नाहीत; साहेबाला वाटे परदा म्हणजेच हा धर्म, इस्लामी बंधूंना वाटे शाळा म्हणजे ख्रिस्तीपणा. तरी एका दुपारी त्यांनी दोघांनाही उत्तर न देता आपलाच प्रश्न विचारला. २०७५ सालच्या मालेगावात किंवा मिरजेत शाळा कशी असेल, वक्फची जमीन कोण कसत असेल, मोहल्ला कमिटीत कोण बसत असेल, पाणी कुठून येत असेल, असे लिहिणारी एक मराठी कथा मला हवी आहे. ती चुकली तरी चालेल. ती कुठे चुकते त्यावरूनही आपण आज कुठे अडलो आहोत ते कळेल.

तोवर निदान 'सुलतानाज् ड्रीम' आपल्या मुलींच्या हाती चांगल्या मराठीत पडायला हवी. त्यात अनुवादकाला एक जागा अडेल. रस्त्यावरच्या बायका सुलतानाला हसतात ती ओळ. पुरुषांसारखी, म्हणजे भित्री, लाजाळू. मराठीत 'मर्दानी' म्हटले की घोड्यावरची झाशीची राणी उभी राहते. शब्दच उलटा फिरतो आणि विनोद मरतो. 'पुरुषी' म्हटले तर दाढीमिश्या दिसतात. 'बायकी' हा शब्द मात्र आपल्याकडे तयार आहे, भित्रा आणि लाजाळू या दोन्ही अर्थांनी, कोशात आणि बोलण्यात. लेडीलँडच्या भाषेत त्याच्या जागी काय म्हणत असतील ते अनुवादकालाच घडवावे लागेल.